विश्लेषण : संशय कधी, आरोप कधी? 'क्लूडो' जिंकण्यामागचे गणित काय?

उन्हाळी सुटीत संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी बारा ते पाच मुलांना घराबाहेर सोडण्याची सोय नसते. सिडकोतला फ्लॅट असो की गुलमंडीतले जुने घर, माळ्यावरचे खोके खाली येते आणि त्यातून पत्ते, कॅरमच्या सोंगट्या, सापशिडी, 'व्यापार' बाहेर पडतात. याच खोक्यात ठेवता येईल, पण चालीने या सगळ्यांपेक्षा वेगळा असलेला एक खेळ म्हणजे 'क्लूडो'. एका बंगल्यात खून झाला आहे. तो कोणी केला, कशाने केला आणि कोणत्या खोलीत केला, हे इतरांच्या आधी शोधायचे. खेळाने पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली, तरी बहुतेक जण तो अजूनही नशिबाचा खेळ समजून खेळतात आणि हरतात. वास्तविक हा खेळ अंदाज बांधणाऱ्याचा नाही, वही ठेवणाऱ्याचा आहे. आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी सापशिडीत नाही आणि 'व्यापार'मध्येही नाही. संशय घेणे आणि आरोप करणे या दोन कृतींसाठी या खेळात दोन वेगळे नियम आहेत, आणि दोन्हींची किंमत वेगळी आहे.

खेळ आला कुठून?

क्लूडोचा जनक अँथनी प्रॅट हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. पेशाने वादक. मोठ्या हॉटेलांत पियानो वाजवताना त्याने तिथे पाहुण्यांच्या करमणुकीसाठी चालणारे खोट्या खुनाचे खेळ पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धात हॉटेलांतल्या मैफली थांबल्या, प्रॅट कारखान्यात कामाला लागला आणि काळोख्या संध्याकाळी घरात बसून त्याने हा खेळ रचला. पट त्याची पत्नी एल्वा हिने आखला. 1 डिसेंबर 1944 रोजी पेटंटसाठी अर्ज झाला, 1947 मध्ये पेटंट मिळाले. युद्धानंतरच्या टंचाईमुळे वॉडिंग्टन्स कंपनीला खेळ बाजारात आणायला 1949 साल उजाडले. पुढे 1953 मध्ये प्रॅटने परदेशातले हक्क 5,000 पौंडांना विकून टाकले. खेळ जगभर खपत राहिला आणि तो रचणाऱ्याचे नाव मात्र लोक विसरले; 1994 मध्ये त्याचे निधन झाले तेव्हाही त्याची फारशी चर्चा झाली नाही.

नावाची गोष्ट आपल्या घराशी येऊन भिडते. 'क्लू' म्हणजे धागा, सुगावा; त्याला 'लुडो' हा शब्द जोडला. लुडो हा खेळ इंग्लंडने भारतातल्या पचिसीवरून उचलला. संभाजीनगरपासून तासाभराच्या अंतरावर वेरूळ आहे. तिथल्या एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळत असल्याचे शिल्प आहे. फाशांची ओळख या जिल्ह्याला इतकी जुनी आहे. क्लूडोतही फासा आहेच, पण त्याचे काम फक्त सोंगटी चालवण्यापुरते. खुनी कोण, हे फासा सांगत नाही.

नियम काय?

पत्ते एकूण 21. त्यांतली सहा माणसे : मिस स्कार्लेट, कर्नल मस्टर्ड, मिसेस व्हाइट, ग्रीन, मिसेस पीकॉक आणि प्रोफेसर प्लम. (2016 नंतरच्या अनेक संचांत मिसेस व्हाइटच्या जागी डॉ. ऑर्किड आली आहे.) सहा हत्यारे : मेणबत्तीचा स्टँड, सुरा, शिशाचा पाइप, रिव्हॉल्व्हर, दोर आणि पाना. नऊ खोल्या : स्वयंपाकघर, नाचघर, काचघर, जेवणघर, बिलियर्डची खोली, ग्रंथालय, बैठकीची खोली, हॉल आणि अभ्यासिका. प्रत्येक गटातला एक पत्ता न बघता काढून पाकिटात ठेवला जातो. तो खुनाचा उलगडा. उरलेले 18 पत्ते पिसून खेळाडूंत वाटले जातात.

सोंगटी खोलीत शिरली की खेळाडू संशय व्यक्त करू शकतो. उदाहरणार्थ, 'कर्नल मस्टर्डने, दोराने, ग्रंथालयात.' ज्या खोलीत आपण आहोत तीच खोली घ्यावी लागते. मग डावीकडच्या खेळाडूने हातातले पत्ते तपासायचे. तिन्हीपैकी एखादा असेल तर तो फक्त विचारणाऱ्यालाच, इतरांना दिसणार नाही असा दाखवायचा. नसेल तर 'नाही' म्हणायचे आणि पाळी पुढच्याकडे जाते. कोणी एक पत्ता दाखवला की प्रश्न तिथे संपतो. संशय कितीही वेळा घेता येतो आणि तो चुकला तर काही बिघडत नाही.

आरोपाचे तसे नाही. तो प्रत्येकाला संपूर्ण डावात एकदाच करता येतो. आरोप करणाऱ्याने पाकीट एकट्याने उघडून बघायचे. तीनही पत्ते जुळले तर तो जिंकला. एकही चुकला तर पत्ते परत पाकिटात ठेवायचे आणि त्याचा शोध तिथेच संपतो. त्याला उठून मात्र जाता येत नाही. इतरांनी विचारले की हातातले पत्ते दाखवत शेवटपर्यंत बसावेच लागते.

324 चे 112 कसे होतात?

सहा माणसे, सहा हत्यारे, नऊ खोल्या. गुणाकार केला तर पाकिटातल्या तीन पत्त्यांच्या 324 शक्यता निघतात. आकडा ऐकून नवखा खेळाडू हबकतो. पण तीन जण खेळत असतील तर प्रत्येकाच्या हातात सहा पत्ते येतात आणि हातातला पत्ता पाकिटात असू शकत नाही. समजा दोन माणसे, दोन हत्यारे आणि दोन खोल्या हातात आल्या. उरली चार माणसे, चार हत्यारे, सात खोल्या. म्हणजे 112. फासा टाकण्याआधीच दोन तृतीयांश शक्यता संपल्या.

इथून पुढे दोन प्रकारचे खेळाडू दिसतात. पहिला फक्त स्वतःच्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे लिहितो. दाखवलेला पत्ता पाहिला, कागदावर काट मारली, पुढच्या पाळीपर्यंत मोबाइल. खेळाबरोबर येणारा छापील कागद त्याला याच सवयीकडे ढकलतो, कारण त्यावर पत्त्यांची एकच उभी यादी असते. दुसरा खेळाडू त्या यादीशेजारी प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी एक रकाना आखतो. इतरांनी काय विचारले, कोण 'नाही' म्हणाले, कोणी दाखवले, हे तो प्रत्येक पाळीला टिपतो. तीन जणांच्या खेळात दोन तृतीयांश प्रश्न इतरांचे असतात. ते न ऐकणारा दोन तृतीयांश माहिती सोडून देतो. किराणा दुकानातली उधारीची वही जितक्या निष्ठेने लिहिली जाते, तितक्या निष्ठेने हा कागद लिहिला तर निम्मा डाव तिथेच जिंकला जातो.

'नाही' या उत्तराला एवढे महत्त्व का?

दाखवलेला पत्ता एकच गोष्ट सांगतो. 'नाही' हे उत्तर एका दमात तीन गोष्टी सांगते : या खेळाडूकडे हे माणूस नाही, हे हत्यार नाही, ही खोलीही नाही. शिवाय ते सगळ्यांना ऐकू येते. तरीही टेबलाभोवतीची माणसे 'नाही' ऐकले की पुढच्याकडे बघायला लागतात. जणू काही घडलेच नाही.

एक उदाहरण घेऊ. ताई, दादा आणि आत्या या क्रमाने बसले आहेत. आत्यानंतर पुन्हा ताईची पाळी. आत्या विचारते : प्रोफेसर प्लम, सुरा, स्वयंपाकघर. ताईकडे यातले काहीच नाही. दादा आत्याला एक पत्ता दाखवतो. कोणता, ते ताईला दिसत नाही. पहिल्या प्रकारचा खेळाडू हे सोडून देईल. ताई मात्र दादाच्या रकान्यात तिन्ही नावांपुढे बारीक टिंब करून ठेवते : यांपैकी किमान एक दादाकडे आहे.

दोन फेऱ्यांनी ताई हॉलमध्ये शिरते आणि विचारते : प्रोफेसर प्लम, सुरा, हॉल. दादा म्हणतो, 'नाही.' म्हणजे दादाकडे प्लम नाही, सुराही नाही. मग त्या दिवशी त्याने आत्याला काय दाखवले असेल? उरते फक्त स्वयंपाकघर. ताईने तो पत्ता पाहिलेला नाही, कोणी सांगितलेला नाही, तरी तो दादाच्या हातात आहे हे आता पक्के आहे. ती अंदाजाची गोष्ट राहिलेली नाही.

याला जोडून मोजदाद येते. तिघांच्या खेळात दादाकडे सहाच पत्ते आहेत, हे सगळ्यांना माहीत असते. ते सहाही ओळखले की उरलेले पंधरा त्याच्याकडे नाहीत, हे आपोआप ठरते आणि आधीच्या कितीतरी टिंबांचा उलगडा होतो. चौघांत 18 पत्ते समान वाटता येत नाहीत, दोघांना पाच-पाच आणि दोघांना चार-चार येतात. कोणाला किती आले, हे वाटप होताच लिहून ठेवलेले बरे. अर्ध्या डावात विचारले तर सगळे सावध होतात.

आपल्याच हातातले पत्ते विचारायचे?

विचारायचे, पण जपून. ताईच्या हातात दोर आणि बैठकीची खोली आहे, असे समजा. ती बैठकीच्या खोलीत जाऊन विचारते : मिसेस पीकॉक, दोर, बैठकीची खोली. आता दादाने किंवा आत्याने काही दाखवले तर ते मिसेस पीकॉकच असणार. दोघेही 'नाही' म्हणाले तर मिसेस पीकॉक पाकिटात आहे. ताईला सरळ उत्तर मिळाले, आणि समोरचे मात्र दोर की बैठकीची खोली, या विचारात पडले.

ही युक्ती कळली की नवे खेळाडू दर पाळीला तीच वापरतात. तिथे चुकते. डावाच्या सुरुवातीला तीन अनोळखी नावे विचारणे जास्त फायद्याचे, कारण 'नाही' आले तर तीन गोष्टी कळतात. स्वतःचे पत्ते घालून विचारल्यावर येणाऱ्या 'नाही'तून जेमतेम एक. हातचा पत्ता घालून विचारणे हे डाव अर्धा झाल्यावरचे हत्यार आहे, एखाद्याच नावावर शिक्कामोर्तब करायचे असते तेव्हाचे.

दाखवतानाही हिशेब लागतो. विचारलेल्या तीनपैकी दोन आपल्याकडे असतील तर कोणता दाखवायचा हे आपण ठरवतो. त्याच माणसाला आधी दाखवलेला पत्ता असेल तर तोच पुन्हा दाखवावा. त्याची पाळी वाया जाते. तसा नसेल तर निदान दुसऱ्या कोणाला दाखवून झालेला पत्ता काढावा. नियम एवढेच सांगतो की पत्ता असेल तर दाखवलाच पाहिजे. लपवणे किंवा खोटे 'नाही' म्हणणे म्हणजे खेळच मोडणे, कारण बाकीच्यांच्या कागदावरचे सगळे तर्क त्या एका 'नाही'वर उभे असतात.

आणि फासा?

नशिबाचा भाग खोल्यांपुरता. माणूस आणि हत्यार कुठूनही विचारता येते, खोली मात्र गाठावी लागते. त्यामुळे डाव अडतो तो बहुधा खोलीपाशी. नऊ खोल्या आणि चालायला फाशावर अवलंबून राहायचे, म्हणून जाणता खेळाडू शेजारच्या खोल्या आधी संपवतो. पटाच्या चार कोपऱ्यांत दोन चोरवाटा आहेत : स्वयंपाकघर ते अभ्यासिका आणि काचघर ते बैठकीची खोली. तिथून फासा न टाकता पलीकडे जाता येते आणि लगेच विचारता येते. नवखे या वाटा विसरतात.

आणखी एक आडवळण आहे. संशय घेताना ज्या पात्राचे नाव घेतले जाते, त्याची सोंगटी उचलून त्या खोलीत आणावी लागते. एखादा प्रतिस्पर्धी मोठ्या कष्टाने अभ्यासिकेच्या दारात पोहोचला असेल आणि त्याच वेळी नाचघरातून त्याच्या पात्रावर संशय घेतला, तर बिचारा पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. घरातली भांडणे बहुधा याच नियमावरून होतात, आणि ती होऊ द्यावीत.

आरोप कधी करावा?

इथे खेळाचा खरा कस लागतो. समजा खोली आणि हत्यार पक्के झाले आहे आणि माणूस दोघांपैकी एक आहे. आरोप केला तर जिंकण्याची शक्यता निम्मी. माणसेही दोन आणि हत्यारेही दोन उरली असतील तर शक्यता चारांत एक. दोन्ही वेळा मन म्हणते, करून टाक. एक प्रश्न आणखी विचारला तर उत्तर पक्के होणार असते, तरीही.

संयम ठेवावा, हे सोपे उत्तर आहे आणि ते अर्धेच खरे आहे. समोरच्या खेळाडूने प्रश्न विचारणे थांबवले आहे, कागद उलटा ठेवला आहे आणि तो पुढच्या पाळीला आरोप करणार हे दिसते आहे, अशा वेळी थांबलेला माणूस हरतो. हमखास हरण्यापेक्षा निम्मी संधी केव्हाही बरी. तेव्हा उडी घेणे हा उतावळेपणा नाही, तो हिशेब आहे. पण ही वेळ आली आहे हे ओळखायला समोरच्याच्या कागदावर काय असेल याचा अंदाज हवा, आणि तो अंदाज त्याचे प्रश्न ऐकणाऱ्यालाच येतो. बहुतेक घाईचे आरोप असे नसतात. कोणी पुढे गेलेले नसते. आपण पुढे आहोत असे वाटू लागलेले असते, एवढेच.

घाईने हरलेल्या खेळाडूंची एक ठरलेली चूक असते. एखादे नाव बराच वेळ कोणी दाखवले नाही, म्हणजे ते पाकिटातच असणार, असे ते धरून चालतात. वास्तविक ते नाव कोणी विचारलेलेच नसते. किंवा विचारले होते, पण ज्याच्याकडे ते होते त्याने दुसरा पत्ता दाखवून वेळ मारून नेली होती. पुरावा न मिळणे आणि पुरावा शोधलेलाच नसणे, यांतले अंतर या खेळात कागदावर स्पष्ट दिसते.

'राजा-प्रधान-शिपाई-चोर' याहून वेगळे कसे?

मराठी घरांना गुन्हेगार शोधण्याचा खेळ नवा नाही. चार चिठ्ठ्या, राजा, प्रधान, शिपाई, चोर. गुण घरोघरी वेगळे, पण राजा सर्वांत वर आणि चोर शून्यावर हे ठरलेले. राजा आणि शिपाई ओळख उघड करतात आणि उरलेल्या दोघांत चोर कोण, ते शिपायाने सांगायचे. चुकला तर शिपायाचे गुण चोराला जातात.

खेळ गमतीचा आहे, यात शंका नाही. चिठ्ठी उघडताना कोण गालातल्या गालात हसले, कोणाची नजर खाली गेली, यावरून शिपाई बोट दाखवतो. पण पुरावा म्हणून त्याच्या हातात काहीच नसते. दोघांतला एक, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. प्रश्न विचारायची सोय नाही, उत्तर पडताळायची सोय नाही, चेहरा हाच पंचनामा. आपल्याकडची पिढ्यान् पिढ्या मुले तपास म्हणजे काय, याचा पहिला धडा असा गिरवतात : गडबडलेला दिसतो तो चोर.

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांनी मराठी वाचकाला पाठलाग दिला, साहस दिले. क्लूडोत कोणी पळत नाही. तिथे एका टेबलाभोवती बसून 'नाही' लिहीत राहायचे असते. म्हणून तो पहिल्या दिवशी कंटाळवाणा वाटतो, आणि म्हणूनच तो मुलांना शिकवावा. दोन-तीन डावांनंतर आठ-नऊ वर्षांचे मूलही 'तो हसला म्हणून' असे म्हणणे सोडते आणि 'त्याने मघाशी नाही म्हटले होते' असे म्हणू लागते.

खेळाबाहेर संशय आणि आरोप यांचे काय होते?

बातम्यांच्या मराठीत 'संशयित आरोपी' असा जोडशब्द रोज छापून येतो. हे दोन वेगळे शब्द आहेत. संशयित म्हणजे ज्याच्याविषयी प्रश्न विचारायचे आहेत तो. आरोपी म्हणजे ज्याच्यावर ठपका ठेवला आहे तो. दोषी तर त्याच्याही पुढचा, तो न्यायालयाने ठरवायचा. जोडशब्दाने पहिल्या दोन पायऱ्यांची एकच पायरी होते, आणि वाचणारा तिसरीही मनात चढून जातो.

मोबाइलवर तर पायऱ्याच नाहीत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पसरले होते. अनोळखी माणसे, अनोळखी बोली, आणि हातातल्या फोनवर आधीच लिहून आलेले उत्तर. त्यांना कोणी तीन प्रश्न नीट विचारले नाहीत. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. ती पाठवण्याच्या वेगावरची मर्यादा होती. पाठवणाऱ्याने काही पडताळावे, अशी अट तिच्यात नव्हती.

कोणताही खेळ अशा घटना थांबवेल, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. क्लूडोत पत्ते खोटे बोलत नाहीत; बाहेर साक्षीदार विसरतात, घाबरतात, खोटेही बोलतात. पटावर खून झाला आहे हे नक्की असते. राईनपाड्यात कोणाचेही मूल पळवले गेले नव्हते. तरी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पटावर चुकीच्या आरोपाची किंमत आरोप करणारा चुकवतो. कर्नल मस्टर्डला काही होत नाही, ज्याने बोट दाखवले तो डावाबाहेर जातो. फोनवर किंमत चुकवतो तो ज्याच्याकडे बोट दाखवले तो. पाठवणारा पुढचा संदेश पाठवायला मोकळा असतो. आणि पटावर ज्या एका कारणाने घाई समर्थनीय ठरते, म्हणजे कोणीतरी आपल्या आधी पोहोचेल हे भय, तेच कारण गटांमध्ये रोज काम करते. सोसायटीच्या गटात पहिली खबर आपली असावी, एवढ्यासाठी एखाद्या डिलिव्हरीवाल्याचा फोटो 'सावध राहा' लिहून फिरतो. तिथे जिंकण्यासारखे काहीही नसते.

संच नसेल तर?

सापशिडी, लुडो, 'व्यापार' औरंगपुऱ्यात वह्या घ्यायला गेले तरी हाताशी लागतात. क्लूडो तितका सहज मिळत नाही आणि स्वस्तही नसतो. पण पट आणि सोंगट्या या खेळाचा प्राण नाहीत. जाड कागदाच्या 21 सारख्या चिठ्ठ्या, एक पाकीट आणि पेन्सिल एवढ्यावर तो चालतो. नऊ खोल्यांऐवजी शहरातल्या नऊ जागा घ्याव्यात : पाणचक्की, बीबी का मकबरा, क्रांती चौक, पैठण गेट, गुलमंडी, सिद्धार्थ उद्यान, रेल्वे स्टेशन, औरंगपुरा, टीव्ही सेंटर. पट नसल्याने जागा गाठायची अट राहत नाही, कोणतीही विचारता येते, त्यामुळे डाव लवकर संपतो. चोरवाटा आणि सोंगटी ओढून नेण्याची मजा जाते, तर्क तेवढाच राहतो. शक्यता तेव्हाही 324 च.

हत्यारे नको वाटत असतील तर खुनाऐवजी चोरी करावी. आजीचा लोणच्याचा बरणीभर साठा कोणी, कशात भरून, कुठे लपवला, असा डाव लहान मुलांना जास्त रुचतो. मग सहा हत्यारांच्या जागी सहा भांडी येतात. माणसांची नावे मात्र बनावट ठेवावीत. शेजारच्या काकांचे, वर्गातल्या मुलाचे किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशींचे नाव चिठ्ठीवर लिहू नये. रंगांची नावे चांगली चालतात : हिरवे मामा, जांभळ्या बाई.

तीन गटांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या पिसाव्यात, प्रत्येकातली एक न बघता पाकिटात जावी आणि मग उरलेल्या 18 एकत्र पिसून वाटाव्यात. कागदावर रकाने आधीच आखून घ्यावेत : डावीकडे 21 नावे, वर प्रत्येक खेळाडूचे नाव आणि त्याखाली त्याला आलेल्या पत्त्यांची संख्या. पेन नको, पेन्सिलच हवी. टिंबे नंतर पुसावी लागतात.